काळ्या पट्ट्यावरचा तांबडा दगड

आधी एक स्पष्ट करते. देव, भुतं, अंगात येणं हे सगळं आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच घराबाहेर काढलं आणि मी ते पुन्हा आत येऊ दिलेलं नाही. चामोर्शीकडच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते. दगड हा दगडच असतो, हे सांगणं माझं काम आहे.

गेल्या उन्हाळ्यात प्रॅक्टिकलचे नमुने आणायला भर दुपारी वैनगंगेवर गेले. पाणी आटलं की तिथे रेतीचा लांबलचक किनारा उघडा पडतो. रेतीत गुलाबी-पांढरा जुना खडक, आणि त्याला चिरत गेलेला डोलेराइटचा काळाभोर पट्टा, भिंतीसारखा सरळ. त्या काळ्यावर मुठीएवढा तांबडा वालुकाश्म पडला होता, मधोमध आरपार भोक. असा दगड सिरोंच्याकडे मिळतो, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला. नदी दगड खाली नेते, वर आणत नाही. कोणीतरी आणून टाकला असेल म्हणून उचलला. ओला होता. आजूबाजूची रेती चटके देत होती... पण तेव्हा लक्ष दिलं नाही.

लॅबच्या कपाटात, ट्रेमध्ये ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी कपाटाखाली पाणी! लॅब झाडणारी कुसुम फरशी पुसत होती.

"कुसुम, पाणी काऊन सांडवलं?"

"मी नाई सांडवलं मॅडम. तुमचं कपाटच मुतून राह्यलं."

वालुकाश्म पाणी धरून ठेवतो, ठीक आहे. ओव्हनमध्ये दिवसभर तापवून खडखडीत केला. सकाळी ट्रे परत भरलेला. पुन्हा ओव्हन, पुन्हा तेच. छत पाहिलं, नळ पाहिला, कपाट हलवून पाहिलं. पाण्याला वास मात्र नदीचा – गाळाचा, मासळीचा.

ही कुसुम मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली. तिचा नवरा एका पावसाळ्यात जाळं घेऊन नदीवर गेला तो परत आलाच नाही. प्रेत नाही, डोंगा नाही. गाव म्हणे, तेलंगणात दुसरी करून बसला. बाजारात बायका तोंडावर विचारायच्या, "काऊन वं, सवतीचा फोन आला का?" कुसुम ठसठशीत कुंकू लावून फिरायची. म्हणायची, "येऊ द्या त्याले. पहिले झाडूनं हाणीन, मंग जेवाले वाढीन."

शेवटी वैतागून मी ट्रेच तिच्या हातात दिला. "फेकून दे हे."

तिने पाहिलं आणि ट्रे घेऊन खालीच बसली.

"मॅडम... हा माह्या माहेरचा दगड हाये. सिरोंच्याचा. त्यानंच भोक पाडलं, जाळ्याले वजन म्हणून. म्हणे, तुह्या माहेरचा हाये, जाळं बरोबर बुडवीन."

"तो गेला त्या दिवशी जाळ्याला होता?"

"होता. गाठ मीच मारली."

दगडाच्या भोकातून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आमच्यात माणूस गेला का दहाव्यापर्यंत दगड ठेवतेत. जीवखडा. याचं तं काईच केलं नाई मी. शिव्याच देल्या." तिने ट्रेतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि कपाळाकडे नेली.

मी हात धरला. "पुसू नको. एका दगडावरून?"

"सोडा मॅडम. गावानं पुसण्यापरीस माह्या हातानं पुसू द्या."

पुसलं. ओली बोटं परत ट्रेतच बुडवली. दगड पदरात बांधला. ती निघाली तेव्हा मी मुद्दाम पदराकडे पाहिलं – कोरडा होता.

त्या दिवसापासून मोजून दहाव्याला त्याच काळ्या पट्ट्याजवळ तिने तो पाण्यात सोडला. मी सोबत होते. दगड कोणीतरी जाळ्यातून काढून तिथे ठेवला असेल, म्हणा. मीही तेच म्हणते. पण पाणी कुठून येत होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

कपाट आता कोरडं आहे. बाजारात कुसुमला सवतीबद्दल कोणी विचारत नाही. कपाळ पाहून बाया गप्प बसतात. ट्रे मी अजून धुतलेला नाही. तळाशी गाळ वाळलाय, मायक्रोस्कोपखाली पाहिला – वैनगंगेचाच. त्यात एका कडेला कुंकू आहे.