मामांच्या विहिरीची दोरी

पाहुण्यानं विचारलेला प्रश्न पाहुण्याच्याच गळ्यात घालणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच असावा, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघावा, हे माझं नशीब. मी नारायणगावच्या एका छोट्या संस्थेत काम करतो. पुण्याच्या एका विद्यापीठाशी आमचा करार झाला होता. विद्यार्थ्यांनी गावांचा अभ्यास करायचा, आम्ही गावं दाखवायची आणि दोघांनी मिळून पाण्याची सोय सुधारायची. पहिलं गाव म्हणून मी लोणी सुचवलं, कारण तिथं मामांकडं सगळ्यांच्या जेवणाची सोय होती.

पहिल्याच दिवशी एका मुलीनं मामांना विचारलं, घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, उन्हाळ्यात पुरतं का. मामांनी सगळं नीट सांगितलं आणि मग बंडीच्या खिशातून वही काढली. "आता तुमचं सांगा. तुमच्या बिल्डिंगीला पानी कुठनं येतं?" ती म्हणाली, टाकीतून. "आन् टाकीत?" तिनं वडिलांना फोन लावला. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मामांनी वहीत लिहिलं, 'म्हाईत न्हाई. वडलांलाबी न्हाई.' मग सगळ्यांना पोटभर पिठलं-भाकरी वाढली. फॉर्मवर 'लाभार्थ्याची सही' असं छापलेलं होतं. मामांनी तो शब्द खोडला. "जेवून कोन चाललंय? मंग लाभ कुनाचा झाला?" असं म्हणून त्यांनी वर 'यजमान' लिहिलं आणि खाली सही ठोकली. विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला यजमान चालेना. फॉर्म तीनदा परत आला आणि मामांनी तीनदा तेच केलं. शेवटी तिथल्या प्राध्यापक मॅडमनी हात टेकले आणि यजमानासाठी वेगळा रकाना करून घेतला.

विहिरीची पातळी रोज मोजायचं काम मामांनी अंगावर घेतलं. विद्यार्थ्यांनी दिलेली टेप त्यांनी दुसऱ्याच दिवशी विहिरीत पाडली. मग सुती दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. रोज सकाळी धारा काढून झाल्या की दगड पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा, गाठी मोजायच्या आणि मला फोन करायचा. "लिवलं का रं?" मी लिहून मॅडमना पाठवायचो. दरम्यान वरच्या ओढ्यावर विद्यार्थ्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून दोन छोटे बांध घातले. कराराच्या शेवटच्या वर्षी गाठी दोनानं कमी भरू लागल्या. म्हणजे पाणी दोन हात वर आलं! विद्यापीठात आनंदीआनंद झाला.

शेवटची सभा लोणीच्या देवळात होती. विद्यापीठाचे मोठे साहेब आले होते. ते खूश झाले तर करार वाढणार होता, उरलेल्या ओढ्यावर बांध होणार होते आणि माझं लोणीचं काम टिकणार होतं. मी तर ओझरच्या गणपतीला नारळ बोलून ठेवला होता. साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला, टाळ्या पडल्या आणि मामा उठले.

"सायेब, जरा थांबा. काल मी दोरी हाताला लावून बघितली. रोज भिजून भिजून, दगडाच्या वजनानं ती ताणलीया. दर गाठीमागं दोन बोटं, म्हनून गाठी कमी भरत्यात. पानी न्हाई वाढलं, दोरी वाढली."

साहेबांनी मामांना हात जोडले, चहा घेतला आणि गेले. सगळे पांगल्यावर मी मामांवर उखडलोच. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" मामा शांतपणे दोरी गुंडाळत होते. "यजमान म्हनून सही केली न्हवं मी? मंग पावन्याच्या ताटात खोटं वाढू?"

करार वाढला नाही. उरलेले बांध राहिले ते राहिलेच. संस्थेनं मला जुन्नरकडं गांडूळखताच्या कामाला लावलं. करार संपवून जाताना मॅडमनी मामांना स्टीलची टेप दिली होती. मामांचा फोन मात्र रोज सकाळी येतच राहिला. "आज आठ मीटर ईस. लिवलं का रं?" दात घासता घासता मी म्हणायचो, "लिहिलं, मामा." लिहायचं कशाला आणि पाठवायचं तरी कुणाला?

परवा लोणीला गेलो, तेव्हा मामा गोठ्यात होते आणि वही कोनाड्यात होती. सहज उघडली. एकही दिवस गाळलेला नव्हता. तारीख, आकडा आणि प्रत्येक आकड्यापुढं बारीक अक्षरात, 'भाच्यानं लिवलं.' पानांमागून पानं तेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येताना नारायणगावात एक जाड वही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणगावजवळच्या वारूळवाडीत, माझ्या घरी फोन वाजला. "आज आठ मीटर चाळीस. लिवलं का रं?"

"थांबा मामा, पेन शोधतोय."

"मंग आजवर कशानं लिवत व्हतास?"

मी टेबलाचा खण उपसू लागलो. मामांनीही उत्तर मागितलं नाही. पेन सापडेपर्यंत थांबले आणि मग आकडा पुन्हा सांगितला, सावकाश, दोनदा.