पंजाबरावांचा शारजातला पाहुणचार

पंजाबरावांच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही, असं घाटंजीत सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकानेही कधी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलेलं नाही. तिथे माझी मोठी बहीण विमलताई असते. पंजाबराव बैठकीतून ओरडतात, "अवो, दोन ताटं वाढवा!" त्यांचा पाहुणचार तिथेच संपतो. पस्तीस वर्षांत या माणसाने उठून कोणाला पाण्याचा गिलास दिलेला मी पाहिला नाही. मात्र आलेल्या बाईची ओटी भरल्याशिवाय ते तिला जाऊ देत नाहीत. ओटी भरणार ताई, खणही तिच्याच पेटीतले, नाव तेवढं पंजाबरावांचं.

गेल्या वर्षी त्यांची लेक प्रेरणा शारजात सात महिन्यांची पोटुशी होती. तिला विमानात बसायची मनाई, म्हणून ताई, पंजाबराव आणि मी असे तिघं दहा दिवसांसाठी तिच्याकडे गेलो. ताईच्या बॅगेत तळाशी हिरवी साडी होती. लेकीची माहेरची ओटी भरायची, एवढ्यासाठीच ती आली होती. दहावा दिवस गुरुवार होता, तोच धरला.

तिसऱ्या दिवशी पंजाबरावांना खाली दुकानात फुलसावंगीचा एक माणूस भेटला. झालं! "आपल्या जिल्ह्याचा माणूस अन् हॉटेलात जेवते? चाला घरी!" घर जावयाचं, किराणा जावयाचा, आणि बोलावणारे हे. सुनील बिचारा गोदामातली ड्युटी संपवून येताना रोज तांदळाची थैली आणायचा. एका पाहुण्याचे चार झाले. आईजवळ बसायला मिळावं म्हणून प्रेरणा सुजल्या पायांनी ओट्याशी पोळ्या लाटायची.

"आई, आपण बोलायचं कधी?"

"उद्या, बाई."

बुधवारी फुलसावंगीवाल्याची बायको आली. तोवर ताईने सोबत आणलेले खण आल्यागेल्यांच्या ओट्यांत संपले होते. ताई आत भजी तळत होती. पंजाबराव आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यासाठी स्वतः उठले. त्यांनी बॅग उघडली, हिरवी साडी काढली आणि त्या बाईच्या ओटीत टाकली.

"अवो, कुंकू आना!"

ताई बाहेर आली. साडी पाहिली. पाहुणीच्या ओटीतून परत काढणार कसं? तिने कुंकू लावलं.

बाई गेल्यावर ताई म्हणाली, "ते प्रेरणाची साडी होती."

"मंग काय झालं? पोरगी काय पाहुनी हाय? घरचीच तं हाय. पावनी रिकाम्या हातानं गेली असती तं लोक काय म्हनले असते? अन् आयका, उद्या रोडगे करा. दहा जन येऊन राह्यले."

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे कणकेचे गोळे. ते सातव्या मजल्यावर!

"भाऊजी, करनार कोन?" मी विचारलं.

"तुमी दोघी हाय ना."

गुरुवारी सकाळी ताईने स्वतःची नेसती हिरवी साडी धुऊन, इस्त्री करून घडी घातली. नेसलेलं ओटीत घालू नये म्हणतात. मी पोथीत ठेवलेल्या माझ्या गुरुमहाराजांच्या फोटोकडे पाहिलं. त्यांची हरकत दिसली नाही. ताईने तांदूळ, हळकुंड, सुपारी बांधून घेतली आणि लेकीचा हात धरला.

"आमी समुद्राकडे जातो. कनीक डब्यात हाय. पावने तुमचे हायत."

पंजाबराव हसले. दार लागलं तसे थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी माळ घेऊन बसले. त्या दिवशी नाम जरा जास्तच घेतलं.

गावभर अन्नदाता म्हणून मिरवणारा हा माणूस समोर पडलेली परात शोधत तीन कपाटं उघडत होता. पाहुणे आले तेव्हा कोपरापर्यंत कणीक माखलेली. "आमच्या मंडळीची तब्येत बरी नाही," खोटंही धड सांगता येईना. पाहुण्यांनी केळी खाल्ली आणि गेले.

संध्याकाळी दोघी परतल्या. प्रेरणाने आईची साडी अंगाभोवती गुंडाळली होती आणि तिचे डोळे रडून सुजले होते, पण चेहरा हलका होता. बाकावर बसून ओटी भरली म्हणाली, मग चार तास बोलत बसलो.

पंजाबराव सोफ्यावरून म्हणाले, "अवो, जेवाले काय हाय?"

ताई लेकीच्या पायांना तेल लावायला बसली होती. मान वर न करता म्हणाली, "केळं उरलं असन तं पाहा."