गाठीचा शेला गेला सत्कारात

मंडळी, सत्कार करा, पण हातात काय उचललंय ते तरी बघा!

आज वसमतला माझ्या भाचीचं, स्वातीचं लग्न होतं. नवरदेवाच्या शेल्यावर मी दोन महिने बसून भरतकाम केलं होतं. काठावर हळदीची पानं अन् दोघांची नावं. याच शेल्याची गाठ नवरीच्या पदराला बांधायची असते.

मुहूर्त टळला तरी माईकवरचे सत्कार संपेनात. सत्काराचे शेले मात्र संपले. तसं नवरीच्या काकांनी पूजेच्या ताटातला माझा शेला उचलला अन् घातला एका पुढाऱ्याच्या गळ्यात! मी धावत पोचेपर्यंत त्यांची गाडी कळमनुरीच्या लग्नाला निघालीसुद्धा.

"दादा, काहून दिला तो?"

"मग काय, मानाच्या माणसाला रिकामं पाठवायचं व्हय?"

शेवटी गाठ बांधली ती टॉवेलला.

संध्याकाळी पुढाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, मिळालेला शेला मी पुढच्या लग्नात देऊन टाकतो. आज पाच लग्नं झाली."

आज तुमचा कुठं सत्कार झाला असेल, तर शेल्याचा काठ बघा. स्वातीचं नाव दिसलं तर मला कळवा. मिळालेला शेला कुणी बघतच न्हाई, म्हणून मुद्दाम सांगून राहिले.