आमचे साडू आणि बरडावरचं कंदीलपुष्प

गवताचा कैवारी आणि गवत मारायच्या औषधाचा दांडगा विक्रेता एकाच माणसात सुखानं नांदतात, हा चमत्कार आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात फक्त आमच्या साडूंच्या ठायी पाहायला मिळतो. चिखलीहून उंद्रीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात त्यांचं कृषी केंद्र आहे. गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर लोक फूल शोधत येतील आणि साडू माझ्याशी बोलणं टाकतील. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तेव्हा माझ्या घरातही माझ्याशी कोणी बोलणार नाही. दुकानात तणनाशकाचे डबे छतापर्यंत रचलेले आहेत. पण कोणी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मारायला डबा मागितला, की साडू चष्मा काढून विचारतात, "धुऱ्यावर काय काय उगवलं हाय?" गिऱ्हाईक म्हणतं, गवत. "कोन्तं गवत?" आता यावर भला माणूस काय सांगणार? मग साडू शटर अर्ध्यावर ओढून त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून धुरा पाहायला जातात. तोवर गिऱ्हाइकाची हौस फिटलेली असते. हे दुकान इतकी वर्षं चाललं कसं, हे मला आजवर कळलेलं नाही.

या वेडाचं मूळ गावामागच्या बरडावर आहे. बरड म्हणजे खडकाळ, मुरमाड, गुडघाभर गवताचं माळरान. सरकारी भाषेत ई-क्लास जमीन, गावाच्या भाषेत बकऱ्यांचं सासर. फार पूर्वी बाहेरगावचे एक प्राध्यापक दुकानात पाणी प्यायला थांबले आणि सांगून गेले, की या बरडावर एक कंदीलपुष्प येतं आणि ते जगात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. प्राध्यापक गेले ते गेलेच, साडूंना मात्र तिथेच अडकवून गेले. फूल म्हणाल तर बोटाच्या पेराएवढं, हिरवट-जांभळं, कंदिलासारखं. आत शिरलेल्या माशीला थोडा वेळ कोंडून ठेवतं आणि मग सोडून देतं. पावसाळ्यात काही दिवस फुलतं, एरवी नुसता कंद जमिनीखाली झोपलेला. साडू त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं 'ते' म्हणतात. "ते आलं." "त्याले वारा लागून राह्यला." आमच्या मेव्हणीबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "मी तापानं फणफणून राह्यली होती, अन् हे मले विचारते, बरडावर पानी पडलं काय?" साडूंनी यावर इतकंच सांगितलं, की पाणी पडलं नव्हतं.

अशा माणसाला गावानं पर्यावरणाचा शत्रू ठरवावं, यासारखी गंमत नाही. झालं असं, की ग्रामसभेत बरडावर वृक्षारोपण करायचं ठरलं. जेसीबीनं खड्डे, मग रोपं, मग फोटो. साडू उभे राहिले आणि म्हणाले, "तिथं झाडं लावू नका." सरपंच म्हणाले, "काऊन? झाडाचं काय वाकडं हाय तुमच्याशी?" साडूंनी समजावून पाहिलं, की गवताळ जागा ही ओसाड जागा नसते, सावली पडली तर ते फूल मरेल आणि खड्डा खणला तर कंद त्याआधीच मरेल. मागून कोणीतरी म्हणालं, "औषध इकून इकून डोक्यात गेलं बे याच्या!" ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

साडू त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठले ते मात्र प्रसन्न होते. बरडावर जाऊन, जिथं फूल येतं बरोबर तिथं, त्यांनी एक उभट दगड रोवला, त्याला शेंदूर फासला, दोन उदबत्त्या लावल्या आणि घरी येऊन पोहे खाल्ले. जेसीबीवाला आला, शेंदूर पाहिला, खाली उतरून पाया पडला आणि यंत्र वळवून पार उताराच्या कडेला खड्डे खणून गेला. साडूंनी मला फोन करून सांगितलं, "सायन्सनं झालं नाही ते शेंदरानं झालं, भाऊ." मीही म्हटलं, वा! दोघांनाही अक्कल तेवढीच.

आपल्याकडे देव बसवणं सोपं असतं, त्यानंतर त्याला एकटं ठेवणं कोणाच्या बापाला जमत नाही. एका म्हातारीची हरवलेली म्हैस नवस बोलल्यावर सापडली. झालं! शनिवारी रांग लागू लागली. चपला, नारळाच्या शेंड्या, पोरांची दंगल, सगळं त्या गवतात. आणि साडूंच्या काळजाला घरं पडली ती पावसाळ्यात. तीच म्हातारी भक्तिभावानं वाकली, शेजारचं कंदीलपुष्प देठासकट खुडलं आणि देवाच्या डोक्यावर वाहिलं. "देवाजवळच उगवते माय, त्याचंच असंन," ती म्हणाली. बघता बघता एकही फूल रोपावर उरलं नाही. साडू शेजारी हात जोडून उभे होते. देव त्यांनीच बसवलेला, बोलणार काय? पुढे वर्गणी जमली, सभामंडप ठरला आणि बांधकामाच्या गिट्टीची आख्खी ट्रॉली त्या कंदांवर रिकामी झाली.

मी गेलो तेव्हा साडू भर उन्हात घमेल्यानं गिट्टी बाजूला सारत होते. डोळे लाल होते. मला म्हणाले, "म्याच मारलं त्याले." या माणसाला मी असा कधी पाहिला नव्हता. मीही घमेलं उचललं.

पुढच्या शनिवारी त्यांनी भरल्या गर्दीत जाहीर केलं, की देव सपनात आला होता. "देव म्हने, मले वर लय ऊन लागते. खाली रस्त्याच्या कडंले निंबाखाली घ्या. अन् म्हने, माह्या जुन्या जागेवर पाय देऊ नका, मी तिथं कधी मधी आराम करतो." मला हसू आवरेना, तेव्हा साडूंनी डोळे वटारून मला नारळ आणायला खाली पिटाळलं. पण लोकांना पटलं! विशेषतः गुडघे दुखणाऱ्या बायांना तर फारच पटलं. वाजतगाजत देव खाली आला, मंडप निंबाखाली झाला आणि जुन्या जागेभोवती लोकांनीच दगडांची कड घातली. आता तिथं बकरी शिरली, तरी पोरं ओरडतात, "हाकल बे, देव झोपला असंन!"

त्यानंतरच्या पावसाळ्यात मात्र फूल आलं नाही. साडू रोज संध्याकाळी वर जायचे आणि अंधार पडल्यावर घरी यायचे. मेव्हणीबाई मग चहाचा कप पुढे ठेवायच्या. यंदा पोळ्याच्या सुमारास फोन आला. "भाऊ, या." बस्स, एवढंच. मी पहिली एसटी धरली. साडू आता थकले आहेत, बरड चढताना दोनदा दगडावर बसले. वर गवतात एकच कंदील उभा होता. पूर्वी इथे कितीतरी असायचे. आम्ही दगडांच्या कडेबाहेर बसलो. त्यांना किती आनंद झाला होता ते दिसत होतं.

मग ते म्हणाले, "मी हाव तोवर ठीक हाय. माह्या मागं इथं खोटं कोन बोलंन?"

"मी बोलीन," मी म्हणालो.

"तुमच्यानं नाही होनार, भाऊ. तुमाले हसू येते."

मी तेव्हा हसत नव्हतो. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, ते फुलाकडे पाहत होते.