गुरुवारचा बापांचा वर्ग

बापांच्या वर्गातले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. पण जुने दोस्त भेटले की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत मी एका संस्थेचा वेल्फेअर वर्कर होतो. बौद्ध वस्तीतल्या कामगार बापांना मुलांचं संगोपन शिकवायचं, असं वरून ठरलं. कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून वर्गही गुरुवारी, विहाराच्या ओट्यावर.

पहिल्या दिवशी सहाजण आले आणि कंपनीनं चौकशीला बोलावल्यासारखे रांगेत उभेच राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. लेथवरचा टर्नर गायकवाड तर युनियनचा माणूसच सोबत घेऊन आलेला!

"आधी चार्जशीट दाखवा," तो म्हणाला, "मग बसू."

*

दुसऱ्या गुरुवारी बाहुलीला अंघोळ घालायचं प्रात्यक्षिक होतं. मी म्हटलं, पाणी कोमट हवं.

गायकवाडनं वही उघडली. "कोमट म्हंजे किती? टॉलरन्स सांगा, राव! किती डिग्री कमी-जास्त चालंल?"

*

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "साहेब, तुमाला पोरं किती?"

"अजून लग्न व्हायचंय."

गायकवाड उठला, माझ्या हातातली बाहुली काढून घेतली आणि म्हणाला, "मग तुमी बसा हितं खाली. आमी शिकवतो!"

मी बसलो. खरं सांगतो, त्या दिवशीचा वर्ग सगळ्यात चांगला झाला.

*

फाउंड्रीतला कांबळे मात्र कधी हसायचा नाही. ओव्हरटाइम करून घरी जाई तेव्हा त्याची तीन वर्षांची सुनंदा झोपलेली आणि सकाळी निघे तेव्हाही झोपलेली. गुरुवारीही वर्ग झाला की तो ओव्हरटाइमला पळे. एका गुरुवारी तो दिवसभर घरात दिसला, तर पोरीनं आईला विचारलं, "हे पाव्हणे कधी जाणार?"

"सगळी वस्ती हसली, साहेब," कांबळे मला म्हणाला. "मला न्हाई आलं हसू."

मलाही आलं नाही. ओव्हरटाइम कमी कर, एवढंच सांगता आलं. त्यानं तो निम्म्यावर आणला, त्यावरून घरात कुरबूर झाली, तरी पोरगी आईच्या पदराआडच!

*

कंपनी सुटताना गेटवर सगळ्यांची झडती होई. हात वर करून उभं राहायचं, वॉचमन खिसे चाचपणार. एका संध्याकाळी दमलेला कांबळे घरी पोचला आणि सवयीनं दारातच हात वर करून उभा राहिला!

बायको हसत सुटली. सुनंदा पदराआडून बाहेर आली, बापाचे दोन्ही खिसे उलटे केले आणि हुकूम सोडला, "जा आत!"

तेव्हापासून झडतीशिवाय बापाला घरात प्रवेश नाही. हे वर्गात सांगताना कांबळे पहिल्यांदा हसला.

*

पुढच्या आठवड्यात वर्गाची आठवण करून द्यायला मी कंपनीच्या गेटबाहेर उभा होतो. झडतीला कांबळेचा नंबर आला. वॉचमनच्या हाताला खिशात काहीतरी लागलं. कागदात गुंडाळलेली लिमलेटची गोळी. तो ती बाहेर ओढणार, तोच हात तसेच वर ठेवून कांबळे ओरडला,

"हितं नगं काढू, भाऊ! ती घरच्या गेटवर सापडायची हाय!"