झुंबर आणि कूलरचा वारा

तमाम गृहस्थांनी सावध होऊन ऐकावे! आमच्या हॉलसाठी झुंबर निवडण्याचा ऐतिहासिक प्रसंग आर्वीच्या एका दुकानात घडला, आणि निकाल होता आमच्या शेजाऱ्याच्या हाती.

हा माणूस कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचा छळ करतो. खुर्चीवर धपकन बसतो, बादली फरशीवर आपटतो. कुणी कुरकुरलं तर मान कलती करून म्हणतो, "थांब बापा, घाई काऊन?" त्यानं नाकारलेली वस्तू आमच्या गल्लीत शिरत नाही.

बायकोला काचेच्या लोलकांचं एक झुंबर पाहताक्षणी आवडलं. शेजाऱ्याची मान कलती झाली, तसा तिचा चेहरा उतरला.

"वैनी, उन्हाळ्यात झोपता कुठी?"

"हॉलमंदीच, कूलरपुढं. सारेच."

त्यानं कुणालाही न विचारता दुकानातला उभा पंखा ओढला, झुंबराकडे वळवला आणि पूर्ण वेगानं सोडला. झुंबर झोके घेऊ लागलं, लोलक एकमेकांवर आदळू लागले. मालक खाली ओंजळ धरून उभा राहिला. बायकोनं माझं मनगट आवळलं. मी तर मनातल्या मनात काचा वेचायला लागलो होतो.

शेवटी त्यानं पंखा बंद केला. एकही लोलक पडला नव्हता.

"काच पक्की हाये," तो गंभीरपणे म्हणाला. "पण वैनी, हे रातभर असंच वाजन. घेऊ नोका."

सारं दुकान ऐकत असताना बायको माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, "वाजू द्या ना भाऊजी! यायच्या घोरण्यापरस तं बरंच वाजते!"