दिवाळ्याच्या वळणावरची पाटी

पाट्या रंगवणाऱ्या बाईला सहलीला नेऊ नये, ती देऊळ सोडून दुकानांचे बोर्ड वाचत बसते, असं आमच्या घरी म्हणतात. तरी नव्वदच्या दशकात एकदा मी एका पाटीसाठीच प्रवास केला. नेरुळला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा, सुवर्णाचा, फोन आला होता. तिच्या दाराशी मासळी आणणाऱ्या निराबाईंनी आणि त्यांच्या दिवाळे गावातल्या मासळीवाल्या बायकांनी गावाच्या वळणावर बोर्ड लावला होता आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

पुण्याहून सकाळची एसटी घेतली. घाट उतरल्यावर खोपोलीला बस थांबते, तिथे वडा खाऊन घ्यावा, नाहीतर पुढे पोटात कावळे ओरडतात. पनवेल सुटलं की दुतर्फा होर्डिंगं. फ्लॅट, पंखे, टायर. मी हट्टाने एकेक वाचत होते, पण पाच-सहा शब्द होईतो बस पुढे गेलेली. टेबलावर देखणं दिसतं ते रस्त्यावर मुकं होतं, हे आमच्या धंद्यात पुनःपुन्हा शिकावं लागतं.

बेलापूरला सुवर्णा घ्यायला आली होती. तिथून दिवाळे गाव रिक्षाने जवळ, चालतही जाता येतं. वाळत घातलेल्या सुकटीचा वास सुरू झाला की आपण बरोबर आलो समजावं. वळणावरच तो पत्रा उभा होता. वर 'आई एकवीरा प्रसन्न', खाली सौ. आणि श्रीमतींची भलीमोठी रांग, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'ताजी मासळी मिळेल'.

"मी रोज बसमधून बघते," सुवर्णा म्हणाली. "मला वाटायचं, कुठल्यातरी मंडळाच्या गणपतीच्या शुभेच्छा आहेत."

निराबाईंनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. असं कालवण मी नंतर कुठे खाल्लं नाही. वाढता वाढताच त्या बोलल्या. "दलाल बोलंल तो भाव. ह्या बिल्डिंगीतली मानसं बंदरावर आली नाय, तं यंदा सुनेला त्यांच्या घरी भांडी घासाया धाडावं लागंल." सून, रेश्मा, भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही.

मी म्हटलं, नावं काढा. ओटीवर बोर्डावरच्या बायका जमल्या होत्या, त्या निराबाईंकडे वळल्या.

"घरटी एक नाव हाय," निराबाई म्हणाल्या. "काढायचं कुनाचं, सांग बाय."

मला राग येईना. लग्नपत्रिकेत नाव राहिलं तर आपल्यातले मामा मांडवात पाऊल टाकत नाहीत, आणि ही तर पोटाची पाटी. पण रस्त्याला कुणाचं मन राखायला सवड नसते. दुसऱ्या दिवशी खाकी कागदावर कोळशाने अक्षरं काढून पत्र्यावर चिकटवली आणि सुवर्णाला रिक्षातून फेऱ्या मारायला लावल्या. 'ताजी मासळी', मोठं पापलेट, बाण. एवढंच ठेवलं तेव्हा तिने वळणाआधीच वाचलं. खाली नावं जोडली की एकही ओळ धड वाचता येईना. रिक्षावाला मीटर टाकून आनंदात होता.

गावाच्या बाजूने चालत परतताना पत्र्याची पाठ दिसली. कोरी, गंजलेली. मी तिथेच थांबले. पुढची बाजू रस्त्याची, मागची गावाची, नावं मागे! बायकांना पटलं. मागे जागा ऐसपैस, म्हणून सुनांचीही नावं आली. एकवीरा आईला मात्र मागे धाडायला कोणी तयार होईना, ती पुढेच राहिली, जरा बारीक अक्षरांत.

रंग वाळला तशी मी पुण्याला परतले. हाताला टर्पेंटाइनचा आणि पिशवीला सुकटीचा वास होता. पाटी चांगली झाली होती, पण चांगल्या पाट्याही वाया जातात, म्हणून धाकधूक होतीच.

काही महिन्यांनी सुवर्णाचा फोन आला. संध्याकाळी बंदरावर पिशव्या घेऊन बिल्डिंगमधल्या बायका येतात, रेश्मा सासूशेजारी बसून मासळी साफ करून देते, म्हणाली. आणि परत जाताना लोक मागची नावं वाचतात. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिच्या मजल्यावरची एक बाई उन्हाळ्यात भांड्यांना बाई शोधत होती. ती काल बंदरावर उभी राहून विचारत होती, "रेश्माताई आल्यात का? मी त्यांच्याकडूनच घेते."